एका थेंबाची साक्ष

आपल्या भागातील पुष्कळ घरांच्या फडताळांत आज एक लहानसे यंत्र आढळते. बोट टोचून काढलेल्या रक्ताच्या एका थेंबावरून ते अंगातील साखर सांगते. गोव्यात नोकरीस असलेल्या मुलाने किंवा बेळगावात दिलेल्या लेकीने ते आईवडिलांसाठी मोठ्या मायेने आणलेले असते. पहिला आठवडाभर घरातील सर्व मंडळी त्याच्याभोवती जमतात. मधुमेह नसलेलेही हौसेने बोट पुढे करतात. पुढे पट्ट्या संपतात, आकड्यांवरून कुरबुरी होतात, आणि एके दिवशी ते यंत्र औषधांच्या जुन्या चिठ्ठ्यांखाली जाऊन पडते. “कशाला मोजायचे? ते खरे कुठे सांगते?” असे म्हणून त्याची बोळवण होते.

वाचकहो, ह्या बोळवणीने काहींचे विशेष बिघडत नाही. परंतु काहींच्या मात्र ती जिवावर बेतू शकते. कोणाचे बिघडत नाही आणि कोणाच्या जिवावर बेतते, हा भेद सर्वांच्या ध्यानी यावा, म्हणून आज ह्या सदरात यंत्राविषयीच्या तक्रारींचा विचार करण्याचे योजिले आहे.

विषय क्षुल्लक नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख लोक असावेत असा अंदाज निघाला. सर्व देशाचे प्रमाण प्रौढांत शेकडा ११.४ होते, आपल्या शेजारच्या गोव्याचे प्रमाण शेकडा २६.४, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. चार प्रौढांत एक! घाटाखाली आणि घाटावर आपली सोयरीक एक, सणावाराचे ताटही जवळजवळ एक. तेव्हा ही गोष्ट परक्यांची म्हणून सोडून देता येत नाही.

हे यंत्र नव्हते तेव्हा काय होते, ते प्रथम पाहू. वडीलधाऱ्या वाचकांस ती जुनी परीक्षा आठवत असेल. बेनेडिक्ट ह्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे निळे द्रावण काचेच्या नळीत घेत, त्यात लघवीचे काही थेंब टाकीत आणि ते उकळीत. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी व शेवटी विटकरी झाला तर ती चढत्या प्रमाणात आहे, असे समजत. ही परीक्षा स्वस्त खरी, परंतु आंधळी होती. रक्तातील साखर साधारणपणे १८० मिलीग्रॅमच्या वर गेल्याखेरीज ती लघवीत उतरत नाही. शिवाय साखर १०० असो की ४० असो, द्रावण आपले निळेच! म्हणजे रुग्ण बेशुद्धीच्या उंबरठ्यावर असला तरी नळी ‘सर्व ठीक’ असेच सांगे.

१९६० नंतरच्या दशकात रक्ताच्या थेंबाने रंग बदलणारी पट्टी अमेरिकेत निघाली आणि त्या दशकाच्या अखेरीस तो रंग वाचणारे यंत्रही निघाले. ते किलोभराहून अधिक वजनाचे असून केवळ डॉक्टरांना व रुग्णालयांनाच विकत मिळे. रुग्णाने स्वतः आपली साखर मोजावी, ही कल्पनाच कोणास मान्य नव्हती. वयाच्या बाराव्या वर्षापासून मधुमेहाने ग्रासलेले रिचर्ड बर्नस्टीन नावाचे एक इंजिनियर होते. त्यांची पत्नी डॉक्टर होती. १९६९ साली तिच्या नावावर त्यांनी ते यंत्र मिळविले आणि ते दिवसातून अनेकदा मोजू लागले. हा पदार्थ खाल्ल्यावर साखर किती चढते, इन्सुलिनच्या इतक्या मात्रेने किती उतरते, ह्याची त्यांनी टिपणे ठेविली. ते डॉक्टर नसल्यामुळे वैद्यकीय नियतकालिके त्यांचे लिखाण छापीनात. तेव्हा वयाच्या ४५ व्या वर्षी त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले आणि ते डॉक्टर झाले. २०२५ साली, ९० वर्षांचे असता, त्यांचे देहावसान झाले.

ह्या गृहस्थांनी यंत्रास “मी शहाणा की मूर्ख?” असे कधी विचारले नाही. त्यांनी विचारले ते एवढेच, की “ह्यामुळे काय झाले?” आपल्या घरोघरच्या तक्रारींचे मूळ ह्या दोन प्रश्नांच्या अंतरात आहे, असे मला वाटते. यंत्राकडे आपण न्यायनिवाडा मागतो. त्याच्यापाशी तर केवळ साक्ष आहे. आणि साक्षीदाराचे बोलणे कसे ऐकावे, कोठे मानावे व कोठे पारखून घ्यावे, हे शिकावे लागते.

पहिली तक्रार अशी, की यंत्र खोटे बोलते. एकाच बोटातील रक्त दोन मिनिटांच्या अंतराने तपासले तर एकदा १४५ व एकदा १७५ येते. मग खरे कोणते? ह्या यंत्रांसाठी २०१३ साली ठरलेला आंतरराष्ट्रीय दंडक असा आहे, की साखर १०० किंवा त्याहून अधिक असता शंभरांपैकी निदान ९५ आकडे खऱ्या आकड्याच्या वरखाली १५ टक्क्यांच्या आत असावेत. साखर १०० हून कमी असता वरखाली १५ मिलीग्रॅमच्या आत असावेत. म्हणजे खरी साखर १६० असेल तर १३६ पासून १८४ पर्यंतचा कोणताही आकडा ह्या दंडकास मान्य आहे. म्हणून काल १५२ होती व आज १६१ झाली, ह्यावरून रात्रीच्या अर्ध्या भाकरीला दोष देणे व्यर्थ होय. सोनाराचा काटा वेगळा आणि लाकडाच्या वखारीतला काटा वेगळा. वखारीच्या काट्यावर कोणी सोने तोलीत नाही. परंतु म्हणून त्यावर लाकूड तोलणेही कोणी सोडीत नाही.

काही चुका मात्र यंत्राच्या नसून आपल्या हातच्या असतात, आणि हे शब्दशः खरे आहे. जपानमधील संशोधकांनी २०११ साली असे दाखवून दिले, की संत्रे, द्राक्षे ह्यांसारखे फळ सोलल्यावर हात न धुता बोट टोचले तर आकडा भलताच चढतो. स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसले तरी तो पुरता उतरत नाही. साध्या पाण्याने हात धुतल्यावर मात्र तो ठिकाणावर येतो. आपल्याकडे तर गुळाचा खडा, उसाचा रस, पिकलेला आंबा आणि पाहुण्यांनी आणलेला बेळगावचा कुंदा! बोटावर राहिलेला कण यंत्रास दिसत नाही. त्याला केवळ साखर कळते. म्हणून मोजण्यापूर्वी हात पाण्याने धुऊन कोरडे करावेत. हात ओले राहिल्यास थेंबात पाणी मिसळून आकडा बिघडतो, हेही ध्यानी ठेवावे.

दुसरा अपराधी म्हणजे आपला पावसाळा. पट्टीवर एक नाजूक द्रव्य असते. रक्तातील साखरेशी त्याचा संयोग होऊन सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो व त्यावरून यंत्र आकडा काढते. ओल व उष्णता ह्यांनी हे द्रव्य खराब होते. म्हणूनच डबीत ओल शोषणारा पदार्थ ठेविलेला असतो. आषाढात डबीचे झाकण उघडे राहिले, किंवा पट्ट्या काढून कागदाच्या पुडीत ठेविल्या, की त्यांची साक्ष बिघडलीच म्हणून समजा. डबी चुलीजवळ ठेवू नये. झाकण तत्काळ लावावे. डबी कोणत्या दिवशी उघडली ती तारीख तिच्यावरच लिहावी, कारण उघडल्यानंतर ठराविक महिन्यांनी पट्ट्या निकामी होतात. ती मुदत डबीवर किंवा सोबतच्या कागदावर छापलेली असते.

तिसरी गोष्ट आपल्या बायामाणसांनी विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. अंगात रक्त कमी असेल, म्हणजे तांबड्या पेशी कमी असतील, तर पुष्कळ यंत्रे साखर वास्तविकाहून अधिक दाखवितात. अशा बाईने त्या फुगलेल्या आकड्यावर विसंबून इन्सुलिन वाढविले तर साखर धोक्याइतकी उतरेल. यंत्राचे आकडे आणि प्रकृती ह्यांचा मेळ बसत नसेल, तर डॉक्टरांस रक्ताचे प्रमाणही तपासावयास सांगावे.

“प्रयोगशाळेत १२०, यंत्रावर १४०” हीही नेहमीची कुरकुर. येथे दोन्ही रक्ते एकाच वेळची असावी लागतात, आणि तीही उपाशीपोटीची. कारण जेवणानंतर बोटाच्या रक्तातील साखर शिरेच्या रक्तातील साखरेहून स्वभावतःच अधिक असते. शिवाय नळीत काढून ठेविलेले रक्त स्वस्थ बसत नाही. त्यातील पेशी साखर खातच राहतात. योग्य द्रव्य न घालता ठेविल्यास दर तासास शेकडा ५ ते ७ साखर घटते. खेड्यात सकाळी काढलेले रक्त दुपारी शहरात पोहोचले, तर दर वेळी दोष यंत्राचाच असेल असे नाही.

तीन महिन्यांच्या सरासरीची जी तपासणी असते, तिचेही असेच. सकाळचा आकडा नेहमी १२० आणि सरासरीची तपासणी मात्र ८ टक्के, हे कसे? ८ टक्के म्हणजे दिवसरात्रीची सरासरी सुमारे १८३. जो मनुष्य केवळ उपाशीपोटीच मोजतो त्याने दिवसाचा एकच क्षण पाहिलेला असतो. जेवणानंतरच्या चढणी त्याने पाहिलेल्याच नसतात. दोन्ही साक्षीदार खरे आहेत. ते वेगवेगळ्या वेळी दारात उभे होते, इतकेच.

आणखी दोन अडचणी आहेत. साखर मोजमापापलीकडे चढली अथवा पार उतरली, की बहुतेक यंत्रे आकड्याऐवजी इंग्रजी अक्षरे दाखवितात : ‘हाय’ म्हणजे अतिशय चढलेली आणि ‘लो’ म्हणजे अतिशय उतरलेली. ज्या क्षणी कळणे सर्वांत अगत्याचे, नेमक्या त्या क्षणी यंत्र परक्या लिपीत बोलते! घरातील शाळकरी मुलाने ही दोन चिन्हे मोठ्या अक्षरांत कागदावर काढून त्यांखाली मराठी अर्थ लिहून भिंतीस लावावीत. दुसरी अडचण इंग्लंडहून आलेल्या यंत्राची. गोव्याची पुष्कळ कुटुंबे तिकडे राहतात व आप्तांना यंत्र पाठवितात. त्यावर ८.५ असा आकडा येतो. तो पाहून कोणी घाबरू नये वा हसूही नये. त्यास १८ ने गुणावे, म्हणजे आपला १५३ हा आकडा मिळतो.

दुसरी मोठी तक्रार वेदनेची. शेतीत राबणाऱ्या हातांची कातडी जाड. सुई खोल घालावी लागते व बोट दुखत राहते. बोटाच्या मध्यभागी न टोचता कडेला टोचावे, कारण कडेला संवेदना कमी असते. दर वेळी बोट बदलावे. हात कोमट पाण्याने धुऊन खाली सोडल्यास रक्त सहज येते. जोराने पिळून काढलेल्या थेंबात अंगातील अन्य द्रव मिसळतो. आणि एक गोष्ट अगदी निक्षून सांगावीशी वाटते : एकाची सुई दुसऱ्यास कदापि वापरू नये. आपल्याकडे शेजारधर्म मोठा. एक यंत्र साऱ्या वाड्यात फिरते, आणि सुईही तीच फिरते. टोचण्याचे साधन अनेकांत वापरल्यामुळे यकृताच्या संसर्गजन्य काविळीची साथ पसरल्याची उदाहरणे परदेशांतील रुग्णालयांत व वृद्धाश्रमांत नोंदली गेली आहेत. टोचण्याचे पेनही ज्याचे त्याचे वेगळे असावे. नुसती सुई बदलून भागत नाही.

तिसरी तक्रार खर्चाची, आणि ती सर्वस्वी रास्त आहे. यंत्र स्वस्तात मिळते, क्वचित फुकटही मिळते. परंतु एका कंपनीच्या यंत्रास दुसऱ्या कंपनीची पट्टी चालत नाही, आणि पट्टीस वीस रुपयांच्या आसपास पडतात. दिवसातून चार वेळा मोजणाऱ्यास महिन्याला सुमारे २४०० रुपये लागतील. मोलमजुरी करणाऱ्या घरास हे झेपणारे नाही. म्हणून यंत्र घेण्यापूर्वी त्याची पट्टी आपल्या बाजाराच्या गावी मिळते की नाही, ह्याची चौकशी आधी करावी. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कोणी किती मोजावे ह्याचा विवेक करावा.

ह्या विवेकासाठी शास्त्राने मार्ग दाखविला आहे. अमेरिका व कॅनडा येथे पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या १४४१ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे फळ १९९३ साली प्रसिद्ध झाले. ज्यांनी दिवसातून निदान चार वेळा साखर मोजून त्याप्रमाणे इन्सुलिनची मात्रा बदलली, त्यांच्यात डोळ्यांचा विकार जडण्याचे प्रमाण शेकडा ७६ ने घटले. ह्याच्या उलट २०१७ साली अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ४५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे इन्सुलिन न घेणारे, दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे रुग्ण होते. त्यांच्यापैकी काहींनी वर्षभर रोज मोजले, काहींनी मुळीच मोजले नाही. वर्षाअखेरीस दोघांच्या सरासरी साखरेत लक्षात घेण्याजोगा फरक दिसला नाही. असे का? कारण पहिल्यांनी आकडा पाहून काहीतरी केले. दुसऱ्यांनी पुष्कळदा तो नुसता पाहिला. ताप मोजल्याने ताप उतरत नाही, हे आपणांस ठाऊकच आहे.

तेव्हा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, तसेच ग्लिमेपिराइड किंवा त्या जातीच्या साखर फार उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, यंत्र कधीही दूर करू नये. किती वेळा मोजावे हे डॉक्टरांस विचारून ठरवावे. इतरांनी रोज टोचण्याऐवजी एखादा प्रश्न हाती घ्यावा. एक आठवडा रात्रीच्या जेवणापूर्वी एकदा आणि जेवणास प्रारंभ केल्यापासून दोन तासांनी एकदा मोजावे. काही रात्री भात घ्यावा, काही रात्री भाकरी. एखाद्या रात्री जेवून अंगणात अर्धा तास फेऱ्या घालाव्यात. चौदा पट्ट्यांत आपल्या देहाविषयी जे कळेल, ते वर्षभर सकाळी सकाळी नुसते टोचून कळणार नाही. ते टिपण डॉक्टरांना दाखवावे. मग दोन महिने यंत्रास विश्रांती दिली तरी चालेल.

आता चौथी तक्रार, जी उघडपणे कोणी बोलत नाही. यंत्र घरात भांडण लावते. मागे एका घरी एका आजींची वही माझ्या पाहण्यात आली. रोज सकाळचे आकडे सुवाच्य अक्षरांत लिहिलेले : १०८, ११२, ११०, ११४. नातीने सहज यंत्राची कळ दाबली, तेव्हा त्याच्या स्मरणात निराळेच निघाले : २०४, २३१, १९८. आजी खजील होऊन म्हणाल्या, “फादर, खरे लिहिले तर सूनबाई बोलते. दोन घास सुखाने गिळू देत नाहीत.” सूनबाईंचे म्हणणे असे, की “मी बोलते ते काळजीपोटीच ना?” दोघींचेही खरे होते. परंतु त्या खोट्या वहीवरून डॉक्टर औषधाची मात्रा ठरवीत होते. आणि आजींच्या पायाची जखम दोन महिने भरत नव्हती.

हे एका घरापुरते नाही. १९८४ साली अमेरिकेतील संशोधकांनी काही रुग्णांना आकडे साठवून ठेवणारी यंत्रे दिली, परंतु यंत्रास स्मरणशक्ती आहे हे त्यांस सांगितले नाही. पुष्कळांच्या वहीतील सरासरी यंत्रातल्या सरासरीहून कमी भरली. ही माणसे लबाड नव्हती. आकडा म्हणजे आपल्या वागणुकीचा निकाल, असे त्यांना वाटू लागले होते. उत्तर आयर्लंडमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर नव्यानेच मधुमेह जडलेल्या आणि स्वतः साखर मोजणाऱ्या रुग्णांत, न मोजणाऱ्यांपेक्षा, मनाची खिन्नता काहीशी अधिक आढळली.

म्हणून घरच्या मंडळींस माझी कळकळीची विनंती आहे. साखरेचा आकडा हे पाप नव्हे आणि यंत्र हे पापनिवेदनाचे आसन नव्हे. रात्री झोप लागली नाही, दात दुखला, ताप आला, मनास घोर लागला, तरी साखर चढते. पहाटे तर काहीही न खाता ती आपोआप वर येते. “काय खाल्लेस?” हा प्रश्न आकडा पाहताच विचारू नये. त्याऐवजी “बरे वाटते ना? आता काय करू या?” असे विचारावे. जेथे खरे सांगितल्याने शिक्षा होत नाही, तेथेच खरे बोलले जाते. हा नियम लेकरांना लागू, तसाच आजीआजोबांनाही लागू.

ही काळजी आता समुद्रापलीकडूनही करता येते. दंडास चिकटवावयाचा चकतीएवढा सेन्सर निघाला आहे. तो बहुधा चौदा दिवस टिकतो आणि दर काही मिनिटांनी साखर मोबाईलवर कळवितो. इन्सुलिन घेणाऱ्या मुलांसाठी हे मोठेच वरदान आहे. परंतु त्यास काही हजार रुपये पडतात, घामाने तो सुटतो, चिकट पदार्थामुळे काहींच्या अंगावर पुरळ उठते. तो रक्तातील नव्हे, तर त्वचेखालच्या द्रवातील साखर मोजतो. म्हणून झपाट्याने चढउतार होत असता तो पाच ते पंधरा मिनिटे मागे असतो. त्या कुशीवर झोपल्यास दाबाने तो साखर खोटीच उतरलेली दाखवितो व मध्यरात्री घंटा वाजवून घर उठवितो. मग मस्कतहून मुलाचा फोन येतो, “बाबा, उठा, काहीतरी खा!” अशा वेळी खाण्यापूर्वी बोटाचा थेंब तपासून पाहावा. मात्र अंगाला घाम असेल, हात थरथरत असतील, तर तपासत बसू नये. आधी साखर घ्यावी.

कारण खरे संकट ते हेच. चढलेली साखर वर्षांनी मारते. उतरलेली साखर घटकेत मारू शकते. आकडा ७० च्या खाली गेला की ती उतरली असे समजावे. ५४ च्या खाली गेल्यास धोका मोठा. दरदरून घाम, थरथर, छातीत धडधड, एकाएकी भूक, असंबद्ध बोलणे, विनाकारण संताप, ही तिची लक्षणे होत. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. आकडा न चढल्यास पुन्हा तितकीच द्यावी. कुंदा किंवा चॉकलेट देऊ नये; त्यांतील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता त्यास कुशीवर वळवून तत्काळ दवाखान्यात न्यावे. आणि लक्षणे स्पष्ट असताना यंत्राने ८० दाखविले, तर देहाचे ऐकावे, यंत्राचे नव्हे; वर सांगितलेल्या दंडकाप्रमाणे त्या ८० च्या आड ६५ दडलेले असू शकते.

येथे एका धार्मिक शंकेचेही निरसन करणे अवश्य आहे. ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी पूर्वी मध्यरात्रीपासून उपवास असे; १९५७ साली तो तीन तासांचा व १९६४ साली एका तासाचा झाला. तरी काही वृद्ध मंडळी जुन्या वळणाप्रमाणे सकाळची गोळी वा इन्सुलिन घेऊन उपाशीच पवित्र मिस्सासाठी येतात, आणि घेरी आली तरी खिशातील साखर तोंडात टाकीत नाहीत. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील ९१९ वे कलम स्पष्ट सांगते, की वृद्ध व आजारी ह्यांनी, तसेच त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनी, त्या तासाच्या आत काही खाल्ले असले तरी ते ख्रिस्तशरीर स्वीकारू शकतात. तेव्हा निःशंकपणे साखर खावी आणि निःशंकपणे पुढे यावे. उपवासकाळातही इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांस विचारल्यावाचून जेवण टाळू नये. आजाऱ्यावर उपवासाची सक्ती नाही.

आपल्या धर्मग्रामात इन्सुलिन घेणारे जे जे आहेत, त्यांच्या घरच्यांनी ह्या रविवारी दोनच गोष्टी कराव्यात. यंत्राची बॅटरी व पट्ट्यांची मुदत पाहावी; आणि साखरेची एक पुडी बिछान्याजवळ, एक खिशात ठेवावी. वहीत जो आकडा येईल तो खराच लिहावा, मग तो कितीही कडू असो. साक्ष खरी असली, तर पुढचा मार्ग काढता येतो.